एकाच दुपारी मिळालेले दोन ब्लॅक बेल्ट

आमच्या कपाटात कराटेचे दोन ब्लॅक बेल्ट आहेत. एक माझा, एक माझ्या लेकीचा. दोन्ही एकाच परीक्षेत, एकाच दुपारी मिळाले. प्रमाणपत्रंही सारखीच आहेत. तोच कागद, तीच सही, ‘शोदान’, म्हणजे ब्लॅक बेल्टचा पहिला दर्जा, हा तोच शब्द, फक्त नाव आणि क्रमांक वेगळा. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते आणि ती साडेदहा.

लहान मुलांना ब्लॅक बेल्ट द्यावा का, असं मला ओळखीचे आईबाप अधूनमधून विचारतात, कारण आम्ही दोघी त्यातून बरोबरीनं गेलो. दोन वाक्यांत उत्तर द्यायला मला जमत नाही, म्हणून जे झालं ते पहिल्यापासून लिहिते.

जून २०१७. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाला कराटेचा क्लास भरायचा. लेक साडेपाच वर्षांची होती. शाळेत कुणी ढकललं, डबा काढून घेतला, तरी हिच्या तोंडून आवाज निघायचा नाही. घरी येऊन रात्री झोपताना सांगायची. तिच्या बाईंनीच सुचवलं की हिला कराटेला घाला. पहिल्या दिवशी ती माझा हात सोडेना. सर म्हणाले, “ताई, आठवडाभर तुम्हीच उभ्या राहा तिच्या शेजारी.” मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून लहान मुलांच्या शेवटच्या रांगेत उभी राहिले. आठवडा संपला, तिनं हात सोडला. मी मात्र थांबले. दिवसभर बँकेच्या काउंटरमागे बसून जड झालेलं अंग त्या एका तासात हलकं व्हायचं. महिनाभरानं दोघींसाठी पांढरे ड्रेस घेतले. तिचा इतका मोठा होता की बाह्या चार वेळा दुमडाव्या लागल्या.

आमच्या क्लासमध्ये पट्ट्यांचा क्रम असा होता: पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, जांभळा, मग तपकिरी तीन वेळा आणि शेवटी काळा. वेगवेगळ्या संघटनांत रंग थोडे मागेपुढे होतात. दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक परीक्षेची फी, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री घरात सणासारखी गडबड.

शिकण्यात ती माझ्या कितीतरी पुढं होती, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. पहिला काता, हेआन शोदान, एकवीस हालचालींचा. तिनं तो दोन आठवड्यांत बसवला. मला दिवाळी उजाडली. त्यात एके ठिकाणी पाऊण गिरकी घेऊन वळायचं असतं, तिथं माझा डावा पाय दर वेळी चुकीच्या जागी पडायचा आणि ती मागून कुजबुजायची, “आई, डोकं आधी फिरव.” मावाशी गेरी, म्हणजे गोल फिरून येणारी लाथ, ती स्वतःच्या कानाएवढी उंच मारायची. माझी कमरेच्या वर गेली तर मी देवाला नमस्कार करायची. तेव्हा लहान मुलांना तंत्र येत नाही, असं कुणी म्हणालं तर मी तिथंच थांबवते. येतं. काही बाबतींत मोठ्यांपेक्षा चांगलं येतं.

आणि ते यावं अशीच त्या कात्यांची रचना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावा बेटावर आन्को इतोसु यांनी कराटे शाळांमध्ये नेलं. जुने काता शाळकरी मुलांना जड जातात म्हणून त्यांनी पाच सोपे काता बसवले, ‘पिनान’ नावाचे. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी पुढं जपानच्या मुख्य भूमीवर त्यांनाच ‘हेआन’ म्हटलं. म्हणजे आज विश्रामबागच्या हॉलमध्ये सहा वर्षांची मुलं जे करतात ते मुळात मुलांसाठीच केलेलं आहे. इतोसुंच्या त्या वर्गांत पट्टे मात्र नव्हते. कराटेत ते नंतर आले.

लेकीला कराटेनं काय दिलं, हे मला विसरायचं नाही. पहिले पाच महिने ती ‘किआई’ देत नसे. किआई म्हणजे ठोसा मारताना पोटातून काढायचा आवाज. सगळा हॉल ओरडायचा आणि हिचे नुसते ओठ हलायचे. सरांनी एकदाही रागावून पाहिलं नाही. एका संध्याकाळी पावसामुळं चारच मुलं आली होती. सर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, हातात पॅड धरलं आणि म्हणाले, “हे पॅड बहिरं आहे, त्याला जरा जोरात सांग.” तिनं ठोसा मारला आणि जो आवाज निघाला त्यानं माझ्या अंगावर काटा आला. त्या वर्षी तिनं शाळेत पहिल्यांदा हात वर करून उत्तर दिलं. मी कराटेबद्दल पुढं जे काही म्हणणार आहे ते हा आवाज कानात ठेवूनच म्हणते आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला, आमच्या हॉलमध्ये पूरग्रस्तांची सोय झाली आणि महिनाभर क्लास बंद राहिला. पूर ओसरला, पुन्हा उभे राहिलो, तोवर २०२० चा मार्च आला.

लॉकडाउनमधला कराटे आठवला की आजही मन अस्वस्थ होतं. सोफा भिंतीला सरकवून, मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून आम्ही दोघी दिवाणखान्यात ठोसे मारायचो. सर स्क्रीनच्या एका चौकोनात, बाकी चौकोनांत मुलं, कुणाचे पाय दिसत नाहीत, कुणाचं डोकं. सरांनी क्लास चालू ठेवला म्हणून मी त्यांची ऋणी आहे. नाहीतर लेक चार भिंतींत कोमेजली असती. पण त्याच काळात तपकिरी पट्ट्याच्या परीक्षाही व्हिडिओवर झाल्या. काता रेकॉर्ड करून पाठवायचा. कुमिते, म्हणजे समोरासमोरची झुंज, व्हिडिओवर कशी होणार? ती माझ्याबरोबर करून पाठवायची. दीड वर्ष माझ्या लेकीनं आईशिवाय दुसऱ्या कुणाशीही झुंज घेतली नाही. आई मुलीवर हात उगारताना किती आवरते हे कुणालाही कळेल. तरी पट्टा तपकिरी झाला, मग त्यावर एक रेघ, मग दुसरी. मला तेव्हाच खटकलं होतं आणि मी बोलले नाही. ती चूक माझी.

२०२२ च्या जानेवारीत सर म्हणाले, “मेमध्ये दोघी ब्लॅक बेल्टला बसा.” फी माणशी आठ हजार. आम्हा दोघींचा आनंद गगनात मावेना. पहाटे पाचला उठून गच्चीवर सराव सुरू झाला.

घरात एकच माणूस गप्प होता. माझे सासरे, आबा. त्यांचं तरुणपण तालमीत गेलं. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंच्या कुस्त्या डोळ्यांनी बघितल्याचं ते आजही अभिमानानं सांगतात. एका पहाटे ते गच्चीवर आले, नातीचा काता शेवटपर्यंत बघितला, तिच्या पाठीवर हात ठेवला. ती आंघोळीला गेल्यावर मला म्हणाले, “पोरीचं अंग चांगलं वळतंय. पण मला एक सांग, हा काळा पट्टा तुमच्यात सगळ्यात वरचा का?”

मी म्हटलं, “तसा वरचाच. त्याच्याही पुढं दहा दानपर्यंत पायऱ्या असतात, पण लोक तोच मोठा मानतात.”

ते म्हणाले, “आमच्या जत्रेत बारक्या पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागायच्या. मग नारळावर. मग रुपयावर. शेवटची जोड मोठ्या पैलवानांची, तोवर दिवस कलायचा. रेवडीची कुस्ती मारलेलं पोरगं बापाच्या खांद्यावर बसून सबंध गाव हिंडायचं, एवढा आनंद. पण शेवटच्या कुस्तीचा फेटा त्याला कुणी बांधत नव्हतं. बांधला असता तर त्याचं वाईट झालं असतं.”

“वाईट कसं, आबा?”

“उद्या कुणीतरी मोठा त्याच्यापुढं शड्डू ठोकला असता की.”

मी ऐकून घेतलं आणि विषय सोडून दिला. तालमीतल्या माणसाला कराटेतलं काय कळणार, असंही मनात आलं. आता त्याची लाज वाटते.

परीक्षेत पन्नास गुणांचा लेखी पेपर असतो. त्यासाठी मी तिच्यासाठी वही केली आणि त्या निमित्तानं पट्ट्यांचा इतिहास मीही पहिल्यांदा नीट वाचला. दान ही पायरी कराटेची मुळात नाहीच, ज्युदोची. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिली शोदान दिली. त्यातला एक शिरो सायगो, सतरा वर्षांचा. दान मिळालेल्यानं काळा पट्टा बांधायचा ही रीत आणखी दोन-तीन वर्षांनी आली. फुनाकोशींनी कराटेत ही पद्धत घेतली आणि एप्रिल १९२४ मध्ये सात जणांना पहिल्यांदा दान दिली, सगळे मोठे पुरुष. रंगीत पट्टे तर त्याहून अलीकडचे. १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांनी ते रुजवले. शिकणाऱ्याला आपली प्रगती डोळ्यांना दिसावी, हा त्यामागचा विचार. कराटेच्या क्लासमध्ये मुलांना एक गोष्ट सांगतात की जुन्या काळी पांढरा पट्टा कधी धुवायचे नाहीत, घामानं आणि मातीनं मळून तो काळा व्हायचा. गोष्ट गोड आहे, पण ती गोष्टच.

लेकीनं हे सगळं सनावळ्यांसकट पाठ केलं. ‘शोदान म्हणजे काय?’ या प्रश्नाला तिनं वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: पहिली पायरी. सुरुवात.

परीक्षा मेमध्ये दुसऱ्या शहरातल्या एका हॉलमध्ये झाली. उन्हाळा मी म्हणत होता, पंखे नुसते फिरत होते. साठाच्या वर परीक्षार्थी. मी मोजलं नाही, पण रांगेत बसल्यावर आजूबाजूला नजर टाकली तर बहुतेकांचे पाय मांडी घातल्यावर माझ्या मांडीच्या निम्मे होते. वयानं मोठ्या बायका आम्ही तिघीच. सकाळी किहोन, म्हणजे मूळ हालचाली, पुढं मागं पुढं मागं, दोन तास. झेनकुत्सु दाचीत, पुढचा गुडघा वाकवून, इतका वेळ उभं राहिलं की मांड्या थरथरतात आणि परीक्षक नेमके तेव्हाच शेजारी येऊन थांबतात. मग काता. आम्हा दोघींना ‘बस्साई दाई’ होता. ती माझ्या दोन नंबर पुढं होती. तिचा काता सुरू झाला आणि पुढच्या रांगेतले पालक बोलायचे थांबले. ती वळायची तेव्हा बाही हवेत फटकारल्याचा आवाज यायचा. मी आई म्हणून सांगत नाही, त्या दिवशी त्या हॉलमधल्या पहिल्या पाच कात्यांत तो होता.

कुमिते तिनं तिच्याच उंचीच्या एका मुलीशी केलं. दोघींना हातमोजे, डोक्याला गार्ड. हलका स्पर्श झाला की गुण, पंच लगेच ‘यामे’ म्हणून थांबवायचे. माझ्यासमोर बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. तिचा एक ठोसा माझ्या बरगडीवर बसला आणि क्षणभर डोळ्यांपुढं काही दिसेना. श्वास परत आल्यावर उभी राहिले, पुढं झाले. त्या तीन मिनिटांत मला माझ्याबद्दल जे कळलं ते पाच वर्षांत कळलं नव्हतं. मार खाऊन मी पळत नाही. आणि मला मारता येत असूनही तिच्या तोंडासमोर माझा हात थांबला. ठोसा अंगाला लागायच्या आधी थांबवणं हे कराटेतलं सगळ्यात अवघड काम. त्यासाठी ठोशात आधी जोर असावा लागतो. लेकीच्या ठोशात थांबवण्यासारखा जोर अजून यायचाच होता. तिचा काही दोष नाही, तिचं वजन अठ्ठावीस किलो होतं.

दोघी पास झालो. सर्वांसमोर पट्टा बांधताना तिचे हात कापत होते. गाठ मीच मारून दिली.

पुढचा आठवडा कसा गेला कळलं नाही. चौकात फ्लेक्स लागला. तिचा फोटो, मुठी आवळलेला, खाली ‘सांगलीची वाघीण’. स्थानिक पेपरात बातमी आली, ‘दहा वर्षांच्या चिमुकलीला ब्लॅक बेल्ट’. शाळेत सत्कार, शाल, श्रीफळ. माझ्या बेल्टचं कौतुक बँकेत पेढे वाटून संपलं, आणि ते ठीकच होतं. भाषणांमध्ये मात्र प्रत्येक जण एकच सांगत होता: आता हिला कुणाची भीती नाही. आता हिच्या वाटेला कुणी जाणार नाही. मुख्य पाहुण्यांनी तर सगळ्या मुलींकडे बघून सांगितलं की अशी एक मुलगी दहा गुंडांना पुरी पडेल. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. स्टेजवर उभी असलेली माझी लेक ते शब्द कान देऊन ऐकत होती.

भाऊबीजेला माहेरी तासगावला गेलो. माझा भाऊ द्राक्षबागायतदार. छाटणी, डिपिंग, औषधाचे पंप ओढून त्याच्या हातांना अशी पकड आहे की हस्तांदोलन केलं तरी बोटं दुखतात. जेवणं झाल्यावर त्यानं हौसेनं भाचीला बोलावलं. “ये गं वाघिणी, मामाला दाखव काहीतरी.” आणि त्यानं तिचं उजवं मनगट धरलं. जोरात नाही. मांजराचं पिल्लू धरावं तसं.

यावरची सोडवणूक तिला उत्तम येत होती. पकडणाऱ्याच्या अंगठ्याकडून मनगट फिरवायचं, कारण अंगठा आणि बोटं जिथं मिळतात तीच पकडीतली फट. कोपर अंगाजवळ आणायचं, कंबर वळवायची. तिनं अगदी तसंच केलं. कोन बरोबर, पाय बरोबर, किआईसुद्धा दिली. हात सुटला नाही. पुन्हा केलं. नाही. तिसऱ्यांदा तिनं दोन्ही हात लावले. मामाला वाटलं खेळ चाललाय, तो हसत होता, घरातले सगळेच हसत होते. माझ्या एकटीच्या लक्षात आलं की तिचा चेहरा बदललाय. मी म्हटलं, “सोड रे तिला.” त्यानं सोडलं, गालगुच्चा घेतला, ओवाळणीचं पाकीट हातात दिलं.

रात्री अंथरुणात पडल्यावर ती किती तरी वेळ जागी होती. मग म्हणाली, “आई, मी बरोबर केलं होतं ना?”

“हो. अगदी बरोबर.”

“मग सुटलं का नाही?”

मी सांगितलं, मामाचं वजन तुझ्या तिप्पट आहे, हाडं तयार झालेली आहेत, तू मोठी झालीस की सुटेल. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “मग मला ब्लॅक बेल्ट आत्ता का दिला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला झोप लागली नाही. मामा होता म्हणून हसण्यावारी गेलं. दुसरा कुणी असता आणि ‘मला कुणाची भीती नाही’ या भरवशावर ती पळायचं सोडून तिथंच पाय रोवून उभी राहिली असती तर? फ्लेक्सवर, पेपरात, स्टेजवर आम्ही मोठ्यांनी मिळून तिला जे सांगितलं होतं ते खोटं होतं, आणि ते ज्या वयात तिच्या कानावर घातलं त्या वयात मूल मोठ्यांचं सगळं खरं मानतं.

सुट्टी संपल्यावर सरांकडे गेले. मी चिडून बोलले असेन, पण ते चिडले नाहीत. म्हणाले, “ताई, शोदान म्हणजे सुरुवात, हे मी दर परीक्षेला सांगतो.” मी म्हटलं, “सर, तुम्ही सांगता, पण चौकातला फ्लेक्स मराठीत होता.” ते बराच वेळ खाली बघत राहिले. मग मोकळेपणानं बोलले. स्वतः त्यांना काळा पट्टा सहा वर्षांनी मिळाला होता, एकोणिसाव्या वर्षी. एखाद्या मुलाला आत्ता नाही म्हटलं तर आईबाप विचारतात, शेजारच्या क्लासमध्ये तीन वर्षांत मिळतो, तुमच्याकडे का नाही? मूल तिकडं जातं. हॉलचं भाडं महिन्याला द्यावंच लागतं. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेतून जे येतं त्यावर गरीब घरातली पाच-सहा मुलं ते फुकट शिकवतात, हे मला माहीत होतं. या माणसाला मी दुकानदार म्हणू शकत नाही. पण त्यांच्याच मुलांना या पट्ट्यानं इजा होते आहे, हेही मला सोडवत नव्हतं.

दुसऱ्यांकडे काय करतात ते मी वाचून त्यांच्यासमोर ठेवलं. तायक्वांदोत कोरियातल्या कुक्कीवोन या मुख्य संस्थेनं पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी पदवीच ठेवली आहे, ‘पूम’. पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. वय झालं की त्याची दान होते. ज्युदोच्या कोदोकानमध्ये चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय शोदान नाही. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं तर काळ्या पट्ट्याला एकोणीस वर्षांची अट घातली आहे. मुलांना तिथं करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा असे त्यांचे स्वतःचे रंग आहेत. म्हणजे मुलांना काहीच द्यायचं नाही असं कुणी म्हणत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला सोळाव्या वर्षापर्यंत एकाच तपकिरी पट्ट्यावर बसवून ठेवलं तर ते कंटाळून फुटबॉलला जाईल आणि त्याचंही चूक नाही. त्याला पायऱ्या हव्यात, टाळ्याही हव्यात. फक्त मोठ्यांचा पट्टा त्याच्या कमरेला नको. आबांच्या रेवड्या मला तेव्हा आठवल्या. ते मी सरांना सांगितलं तर ते पहिल्यांदा हसले, कारण त्यांचे आजोबाही तालमीतले.

पुढच्या वर्षीपासून आमच्या क्लासनं नियम केला. पंधरा वर्षांखालच्या मुलांना मधून पांढरी पट्टी गेलेला काळा पट्टा, प्रमाणपत्रावर ‘ज्युनिअर’ हा शब्द, आणि सोळा पूर्ण झाल्यावर नव्यानं परीक्षा, मोठ्यांबरोबर, मोठ्यांसारखी झुंज. लहान मुलांच्या स्वसंरक्षणाचा तासही बदलला. आता त्यात मनगट सोडवणं शेवटी येतं. आधी ओरडणं, पळणं, ओळखीच्या मोठ्या माणसाला गाठणं, १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ असणं. पकडलं तर अंग ढिलं सोडून खाली बसणं, कारण अठ्ठावीस किलोचं मूल उभ्यापेक्षा बसल्यावर उचलायला जड जातं. दोन घरांनी मुलं काढून घेतली. एका आईनं मला फोन करून ऐकवलं की तुमच्या मुलीला मिळाला तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही. तिचं बरोबर होतं, मी ऐकून घेतलं.

राहिला आमच्या घरातला प्रश्न. मी लेकीला म्हटलं, तूही पांढऱ्या पट्टीचा बांधतेस का? मला वाटलं होतं ती लगेच हो म्हणेल, कारण प्रश्न तिनंच काढला होता. ती अकरा वर्षांची, माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “मी चार महिने पहाटे पाचला उठले. त्यांनी जे सांगितलं ते सगळं केलं. तो माझा आहे.” आणि तेही खरं होतं. तिनं काही चोरलं नव्हतं. जी परीक्षा समोर ठेवली ती तिनं माझ्यापेक्षा चांगल्या गुणांनी दिली. एकदा कमरेला बांधलेलं मुलाकडून परत मागणं ही दुसरी इजा झाली असती. मी पुन्हा विषय काढला नाही. काही महिने ती तोच बांधून यायची. मग एका दिवशी क्लासला निघताना तिनं कपाटातून जुना तपकिरी काढला आणि बांधला. मी कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. सरांनी रांग लावताना तिला नेहमीच्या जागी उभं केलं.

येत्या डिसेंबरात तिला चौदा पूर्ण होतील. माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झाली आहे. मंगळवारी आणि गुरुवारी ती क्लासमध्ये पांढऱ्या पट्ट्याच्या मुलांना शिकवते. गेल्या पावसाळ्यात एक सहा वर्षांचा मुलगा आला, आवाजच काढत नव्हता. ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली, पॅड धरलं आणि म्हणाली, “हे पॅड बहिरं आहे.” मी मागच्या रांगेत उभी होते, माझी मोजणी चुकली.

रविवारी सकाळी गच्चीवर आम्ही दोघी अजूनही सराव करतो. आबा खुर्ची टाकून बसतात. काता झाला की ती स्वतःच हात पुढं करते आणि मी मनगट धरते. आता मी आवरून धरत नाही, पूर्ण जोर लावते, तिनंच तसं सांगितलंय. तीन वर्षं दर रविवारी हात अडकत होता. गेल्या महिन्यात तिनं कोपर आत घेतलं, कंबर वळवली आणि माझ्या बोटांतून मनगट निघून गेलं. माझ्या अंगठ्याला कळ लागली. आबा खुर्चीतून उठले. ती आपल्या मनगटाकडे बघत उभी राहिली, मग म्हणाली, “पुन्हा धर. या वेळी दोन्ही हातांनी.”